सांगलीच्या उन्हाळ्यात घरी फिल्म डेव्हलप करताना
सुरुवात कृष्णधवल फिल्मनेच करा. वाया गेलेला रोल रीळावर (फिल्म गुंडाळून टँकमध्ये ठेवायची चकती) चढवायचा सराव आधी उजेडात, मग डोळे मिटून. हात बसला की रात्री दाराच्या फटीला चादर लावून, पूर्ण अंधारात खरी फिल्म टँकमध्ये (उजेड आत न शिरणाऱ्या डब्यात) घाला. झाकण लागलं की पुढचं सगळं उजेडात.

खरी मेख तापमानाची. आमच्याकडे एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढतच येतं. डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणात) बर्फ टाकू नका, डेव्हलपर पातळ होतो. बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात डेव्हलपरची बाटली ठेवा आणि थर्मामीटर 20 अंशांवर येऊ द्या. पाणी न मिसळलेल्या डी-76 या डेव्हलपरमध्ये एचपी5 प्लस या कृष्णधवल फिल्मला साडेसात मिनिटं. दर मिनिटाच्या सुरुवातीला टँक चारदा सावकाश उलटासुलटा करा. मग स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण), धुणं. शेवटी डिस्टिल्ड पाण्यातून काढाच, नाहीतर क्षारांचे डाग राहतात. न्हाणीघरात, पंखा न लावता वाळवा.