डायलवर बॉम्बे किंवा कलकत्ता लिहिलेलं जुनं घड्याळ नक्की कुठलं, हे कसं शोधायचं

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, डायलवर मोठ्या अक्षरात जे नाव असतं ते बहुतेक वेळा बनवणाऱ्याचं नसतं, विकणाऱ्याचं असतं. कलकत्त्याचे कुक अँड केल्व्ही, हॅमिल्टन, मद्रासचे पी. ऑर अँड सन्स, मुंबई-कलकत्त्याची वेस्ट एंड वॉच कंपनी, या सगळ्या मोठ्या पेढ्या होत्या आणि त्या इंग्लंड, जर्मनी, अमेरिका, स्वित्झर्लंडहून माल मागवून त्यावर स्वतःचं नाव टाकून विकायच्या. म्हणून शोध दोन बाजूंनी घ्यायचा, एक मशीनचा आणि एक दुकानाचा, आणि दोन्ही जिथे जुळतील ते तुमच्या घड्याळाचं साल.

मशीनपासून सुरुवात करा, कारण खरी माहिती तिथे असते. आधी लंबक काढून बाजूला ठेवा, मग काटे, मग मशीन धरून ठेवणारे स्क्रू, आणि मशीन अख्खं बाहेर घ्या. दोन पितळी प्लेटांमधले स्क्रू मात्र स्वतः उघडू नका, स्प्रिंगला चावी भरलेली असेल तर हाताला जबर लागतं, ते काम घड्याळजीचं. आणि कृपा करून फोटो काढायच्या आधी ब्रासो किंवा रॉकेल लावू नका!! जुन्या घड्याळजींनी दुरुस्ती केली की आतल्या प्लेटवर सुईने तारीख, सही, कधी गावाचं नाव कोरून ठेवलेलं असतं, मोडीत किंवा गुजरातीतसुद्धा असू शकतं, आणि तो बारीक ओरखडा एकदा घासला गेला की परत मिळत नाही. टॉर्च अगदी आडवा धरा, उजेड प्लेटला घासून गेला पाहिजे, मग समोरून न दिसणारे शिक्के आणि ओरखडे उठून दिसतात.

आता मागच्या प्लेटवर काय दिसतं ते बघा. आठ टोकांचा तारा आणि मध्ये इंग्रजी J हे अक्षर असेल तर युंगहान्स, जर्मनीतलं श्रामबर्ग. एकमेकांवर आडवे दोन बाण म्हणजे हॅम्बुर्ग अमेरिकन क्लॉक कंपनी. गुस्टाव बेकर असेल तर नाव किंवा जी बी ही अक्षरं आणि खाली लांबलचक सिरीयल नंबर मिळेल, हा कारखाना सायलेशियातल्या फ्रायबुर्गला होता, ते गाव आज पोलंडमध्ये आहे. बेकरचे नंबर चढत्या क्रमाने जातात आणि दहा लाखांचा आकडा 1892 च्या आसपास येतो, त्यावरून तुमचं आधीचं की नंतरचं हे लगेच कळतं. युंगहान्सवर कधी कधी बी 09 असा छोटा शिक्का असतो, म्हणजे 1909 चा दुसरा सहामाही, ए असेल तर पहिला. सेथ थॉमस या अमेरिकन कंपनीने तर साल उलटं छापलंय, 0981 दिसलं तर 1890 वाचायचं आणि पुढचं अक्षर महिन्याचं.

इथे एक हमखास फसायची जागा आहे. जर्मन मशीनवर 43 आणि 116 असे दोन छोटे आकडे असतात आणि लोक ते सिरीयल नंबर समजून तासन् तास शोधत बसतात. त्यातला पहिला लंबकाची लांबी सेंटीमीटरमध्ये आणि दुसरा मिनिटाला पडणारे ठोके, बाकी काही नाही. तसंच अमेरिकन घड्याळावरची पेटंटची तारीख ही पेटंटची असते, घड्याळ त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेलं असू शकतं. डी. आर. जी. एम. ही अक्षरं मात्र कामाची, ती जर्मन नोंदणी 1891 ला सुरू झाली म्हणजे घड्याळ त्याच्या आधीचं नाही. मेड इन जर्मनी लिहिलं असेल तर तेही असंच मोजा, मालावर देशाचं नाव टाकण्याचा कायदा ब्रिटनमध्ये 1887 ला आणि आपल्याकडे 1889 ला आला.

मग दुकान. यासाठी सोन्यासारखी गोष्ट म्हणजे त्या काळच्या डिरेक्टऱ्या, खास करून थॅकरची इंडियन डिरेक्टरी, दर वर्षी निघायची आणि त्यात गावोगावचे व्यापारी पत्त्यासकट असायचे. बरेच अंक इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतात, नाहीतर कोलकात्याची नॅशनल लायब्ररी किंवा मुंबईत एशियाटिक सोसायटीत विचारा. नुसतं नाव बघू नका, पत्ता बघा, भागीदार कोण ते बघा, कारण दुकान जागा बदलतं, नावात अँड सन्स जोडलं जातं, आणि तुमच्या डायलवर जसं लिहिलंय तसं नाव ज्या वर्षांत सापडेल तेवढीच तुमची मुदत. समजा डायलवरचं नाव 1898 ते 1912 च्या अंकांत दिसतंय आणि मशीनवर बी 09 आहे, तर घड्याळ 1909 ते 1912 च्या दरम्यान विकलं गेलं असं बिनधास्त म्हणता येतं. डायलवर लंडन अँड बॉम्बे असं जोडनाव असेल तर लंडनच्या बाजूनेही शोधा, राजाबाई टॉवरचं घड्याळ बनवणारे लंड अँड ब्लॉकली असेच दोन्हीकडे होते.

रेल्वेचं किंवा सरकारी घड्याळ असेल तर काम अजून सोपं. व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं, 1901 च्या आतलं, जी. आर. म्हणजे जॉर्ज राजाचं, 1910 नंतरचं. एम. अँड एस. एम. म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे 1908 ला झाली, जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) आणि बी. बी. सी. आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) ही रेल्वेची नावं नोव्हेंबर 1951 ला मध्य आणि पश्चिम रेल्वेत गेली.

जोडकाम ओळखायला शिकाच, बाजारात ते भरपूर आहे. चावीची भोकं आणि मशीनचे दांडे नीट जुळत नसतील, पेटीच्या आत जुनी रिकामी स्क्रूची भोकं असतील, डायल छापील कागदाचं आणि शुभ्र पांढरं असेल, पेढीच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं असेल, तर मशीन एकाचं आणि पेटी दुसऱ्याची. पण पेटी सागवानी दिसली की लगेच नकली म्हणून टाकू नका, आपल्या दमट हवेत परदेशी लाकडावरचा पातळ पापुद्रा सुटायचा म्हणून इथे सागाच्या पेट्या करून घेतलेल्या असतात आणि त्या तितक्याच जुन्या असू शकतात.

घरचं घड्याळ असेल तर मोठ्या माणसांना आजच विचारा, कुणी आणलं, कुठल्या नोकरीत असताना, लग्नात मिळालं का, आणि जे सांगतील ते तारीख टाकून कागदावर लिहून पेटीच्या आत ठेवा. आणि कुणाला परदेशी पाठवायचा विचार असेल तर आधी 1972 चा पुरावस्तू कायदा बघून घ्या, शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू ठरली तर खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून शंका असेल तर पॅक करायच्या आधी पुरातत्त्व खात्याकडून तपासून घ्या.