डाग कुठला, खूण कुठली: संग्रहालयातल्या कागदांसोबत

जुने कागद जपण्याचं काम शिकायला आमच्याकडे येणारी मुलं पहिल्या दिवशी बहुधा एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, ह्यासाठी चित्र काढता यायला हवं का?" हात चांगला असेल तर रंग जुळवताना उपयोग होतो, हे खरं. पण मी त्यांना वेगळंच विचारते. बारावीला रसायनशास्त्र होतं का? आणि फोन बाजूला ठेवून एका जागी तीन-चार तास बसता येतं का?

मी मुंबईत एका कलासंग्रहालयात पेपर कॉन्झर्व्हेटर म्हणून, म्हणजे जुन्या कागदांची सफाई, दुरुस्ती आणि जपणूक करण्याचं काम करते. जलरंग, रेखाटनं, छापील चित्रं, लघुचित्रं, नकाशे, पोथ्यांची पानं, जे जे कागदावर आहे ते आमच्या टेबलावर येतं. ह्या कामाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी लिहिते आहे. ह्यात नेमकं काय करतात ते कळलं, तर आपल्याला जमेल की नाही हे तुमचं तुम्हीच ठरवू शकाल.

सुरुवात कागदापासूनच करावी लागते. जुन्नरचा किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा जुना हातकागद ताग, चिंध्या अशा लांब तंतूंच्या लगद्याचा असे. त्यावरची मोडी पत्रं दोन-अडीचशे वर्षांनंतरही बोटांत लवतात. याउलट पणजोबांनी जपून ठेवलेलं वर्तमानपत्र घडीवर तुटतं. ते लाकडाच्या लगद्याचं असतं. त्यात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य राहिलेलं असतं, शिवाय शाई फुटू नये म्हणून अनेकदा तुरटी आणि राळ घातलेली असते. काळ जातो तशी त्यातून आम्लं तयार होतात आणि तंतू आतूनच तुटत जातात. म्हणून वयावरून कागदाची तब्येत ठरवू नका.

काम हाती घेतल्यावर पहिले दोन-तीन दिवस आम्ही फक्त बघतो. दिवा बाजूला, अगदी खाली ठेवून तिरक्या उजेडात पाहिलं की सुरकुत्या आणि सुटलेला रंग दिसतो. अतिनील दिव्याखाली जुनी बुरशी, गोंद, आधीच्या कुणी केलेली दुरुस्ती उजळून येते. सगळ्याचे फोटो, सगळ्याची नोंद. मग प्रत्येक रंगाची वेगळी चाचणी: पाण्याचा इवलासा थेंब ठेवायचा, त्यावर टिपकागदाचा तुकडा दाबायचा आणि रंग उतरतो का ते बघायचं.

ह्या "प्रत्येक" शब्दाची किंमत मी शिकत असतानाच मोजली. एका संस्थेत मला एक शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं, चित्र धुवायला दिलं होतं. शिळाछापाची शाई तेलाची, ती पाण्यात हलत नाही, हे मी वाचलं होतं, तपासलंही होतं. मागच्या बाजूचा जांभळा रबरी शिक्का मात्र मी तपासला नाही. तशा शिक्क्यांची शाई पाण्यात लगेच विरघळते. चित्र पाण्यात सोडल्यावर काही क्षणांत जांभळा ढग पसरला आणि त्याची छटा पुढच्या बाजूला चित्रातल्या आकाशात उतरली. ती पूर्ण निघाली नाही. तेव्हापासून मी आधी पाठ बघते, मग तोंड.

ह्या क्षेत्रात खरं कठीण काय, ते मात्र त्यानंतर कळत गेलं. मळ काढायला शिकता येतं. मळ कशाला म्हणायचं, हे ठरवणं त्याहून अवघड.

उदाहरणच देते. जुन्या पोथीच्या पानावर ओळीमध्येच पिवळा ठिपका दिसतो. नवख्याला तो डाग वाटतो. तो हरताळ असतो. लेखनिकाकडून चूक झाली की त्या अक्षरावर तो हरताळ फासायचा आणि वर नवं अक्षर लिहायचा. आपण आजही "नियमांना हरताळ फासला" म्हणतो, ते तिथूनच आलेलं. हा ठिपका पुसला तर त्या माणसाने केलेली दुरुस्ती पुसली जाते. आणि हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग, तेव्हा हातमोजे घालूनच अशा पानाला हात लावा. लघुचित्रांतला हिरवा जंगाल मात्र कागदाच्याच मुळावर येतो. तो तांब्याचा रंग, वर्षानुवर्षं खालचा कागद जाळत राहतो. कित्येक चित्रांची हिरवी चौकट आधी तडकते. शिवाय लघुचित्रांचे रंग डिंकात कालवलेले असतात, म्हणून तिथे पाण्याचं नाव काढायचं नाही.

माझ्या टेबलावर आलेलं एक चित्र मी नव्या मुलांना नेहमी सांगते. लक्ष्मीचं रंगीत शिळाछाप चित्र होतं, राजा रविवर्म्याच्या छापखान्यातलं. हा छापखाना १८९४ साली घाटकोपरला सुरू झाला, नंतर मळवलीला गेला, आणि तिथली देवदेवतांची चित्रं घराघरांतल्या देव्हाऱ्यात पोचली. आमच्या चित्रातल्या लक्ष्मीच्या साडीला कुणीतरी घरी जरतार आणि टिकल्या लावल्या होत्या. त्या काळी हे हौसेने करत. मागे पुठ्ठा घट्ट चिकटवलेला, त्यातलं आम्ल चित्रात उतरून कडा तपकिरी झालेल्या. काच कधीतरी फुटली असावी आणि चित्र पुढे तसंच पुजलं गेलं असावं, कारण खालच्या कोपऱ्यात कागदावरच हळदीकुंकू होतं. कुंकवात बोटाचा अर्धा ठसा उमटलेला.

पुस्तकातला उपाय सरळ होता: पुठ्ठा काढा, धुवा, चुन्याच्या अगदी सौम्य पाण्याने आम्ल मारा. मी कडेच्या हळदीच्या एका कणावर ते पाणी लावून पाहिलं. तो कण लालसर झाला. साबण लावला की कपड्यावरचा हळदीचा डाग लाल होतो, हे आपल्याकडे घराघरांत माहीत असतं; इथेही तेच घडलं. कुंकू साध्या पाण्यानेच टिपकागदावर उतरलं. जरतार डिंकाने लावलेली, तीही सुटली असती.

मग धुणं रद्द केलं. पुढची बाजू मऊ ब्रशने आणि रबराच्या कोरड्या स्पंजने साफ केली, ठसा आणि जरतार सोडून. चित्र पालथं घालून मागचा पुठ्ठा स्कालपेलने, म्हणजे शस्त्रक्रियेच्या सुरीने, पापुद्रा-पापुद्रा काढला. शेवटच्या थरावर मिथाइल सेल्युलोजचा घट्ट लेप ठेवला, म्हणजे ओल आत न शिरता फक्त गोंद मऊ होतो. तळहाताएवढा भाग सुटायला एक सकाळ जायची. तीन आठवडे लागले. कडा अजून तपकिरीच आहेत. त्या पाहून एका पाहुण्यांनी विचारलं, "मग तुम्ही केलंत काय?" मला हा प्रश्न योग्य वाटतो. त्याचं उत्तर देता यावं म्हणून आम्ही अहवाल लिहितो.

फाटकं जोडायला आम्ही जपानी कोझो कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतो. कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढताना पाहिलं असेल, तर खळ समजायला फार वेळ लागणार नाही. फरक इतकाच की आमच्या सत्त्वात ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, राहू द्यायचं नाही. मंद आचेवर सतत ढवळत शिजवायची, गार झाली की बारीक चाळणीतून दोन-तीनदा गाळायची, आणि लावताना ताकाइतकी पातळ करायची. पूर्वीचे बांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. आम्ही काही घालत नाही, दर काही दिवसांनी ताजी शिजवतो. ही खळ निवडण्याचं मोठं कारण म्हणजे शंभर वर्षांनी कुणाला आमची दुरुस्ती काढावीशी वाटली, तर ती ओलाव्याने निघेल. सेलोटेप तशी निघत नाही. तिचा गोंद कागदात मुरतो, पिवळा पडतो, आणि तो काढायला विद्रावकं, म्हणजे गोंद विरघळवणारी रसायनं, घेऊन वाफा ओढणाऱ्या कपाटापुढे बसावं लागतं. घरच्या जुन्या कागदांना सेलोटेप लावू नका आणि त्यांचं लॅमिनेशनही करू नका, एवढं तरी आजपासून पाळा.

दुरुस्ती हा नोकरीचा एक भाग झाला. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर राहिली की बुरशीची भीती. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी चित्रांपेक्षा आर्द्रतामापकच जास्त बघते. प्रदर्शन असेल तर उजेड साधारण ५० लक्सवर (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ठेवायचा, आणि काही महिन्यांनी चित्र उतरवून अंधारात विसावा द्यायचा. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग नसतो, उजेड हा कागदाचाच असतो. कागद पिवळा पडला की चित्रातली सकाळ मावळते. म्हणून "लाइट वाढवा" म्हणणाऱ्या, प्रदर्शन मांडणाऱ्या क्युरेटरशी मी दर वेळी वाद घालते, आणि तुम्हालाही घालावा लागेल.

शिक्षणाचं म्हणाल, तर दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेत सुरू झालेला कलासंवर्धनाचा एम.ए. आहे. लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेत प्रशिक्षण मिळतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कागदपत्रांच्या दुरुस्तीचे काही आठवड्यांचे वर्ग होतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २००८ पासून कलासंवर्धन केंद्र आहे. परदेशी अभ्यासक्रमांना जायचं असेल तर सेंद्रिय रसायनशास्त्र पक्कं करा. कलेच्या पदवीबरोबर ते वेगळं शिकावं लागलं तरी चालेल. कायम नोकऱ्या थोड्या आहेत. बहुतेकजण सुरुवातीची काही वर्षं प्रकल्पापुरत्या करारावर काढतात, मीही काढली. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

अर्ज करण्याआधी घरी एक करून बघा. रद्दीतला कागद फाडा, खळ शिजवा, ओल्या ब्रशने रेघ ओढून पातळ कागदाची पट्टी हाताने तोडा, म्हणजे तिच्या कडेला तंतू सुटे राहतील. त्या पट्टीने फाटकं जोडा. असे पन्नास जोड करा. पहिले दहा चुरगळतील. चाळिसाव्याच्या आसपास खळ किती कमी पुरते हे बोटांना कळू लागेल. तेव्हाही करावंसं वाटत असेल, तर पुढच्या वाटेची चौकशी करा.

ती लक्ष्मी आता आम्लरहित पेटीत, अंधारात आहे. तिच्या अहवालात, मीच लिहिलेली एक ओळ आहे: "खाली उजवीकडे, साधारण दीड सेंटिमीटर, कुंकवातला बोटाचा ठसा. काढलेला नाही."