शेजारणीला घरात मार बसतो, हे कळल्यावर

आपल्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी बायकांच्या भिशीत किंवा हळदीकुंकवाला ही गोष्ट उघड येत नाही. ‘हल्ली झोप लागत नाही, डोकं धरतं’ एवढंच कानावर पडतं. संशय आला तर दोघींनीच लक्ष घाला, अख्खं मंडळ नको. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर एक अक्षर नको, तिची जाऊ नाहीतर नणंद त्याच ग्रुपवर असते.

बोलायचं ते तिच्या घराबाहेर, ती एकटी असताना. ‘इतकी वर्षं का सहन केलंस?’ म्हटलं की ती मिटलीच. ‘सांगितलंस ते बरं केलंस. आज घरी जायची भीती वाटते का?’ एवढं पुरे. घर सोडण्यासाठी रेटू नका. बाई निघायला लागली की जिवाचा धोका वाढतो, त्यामुळे केव्हा निघायचं ते तिनेच ठरवावं. आणि बैठक बसवून समेट घडवणाऱ्या काकांना आधी आवरा.

एक प्रश्न मात्र नेमका विचारा: गळा दाबला होता का? आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी सयाजी हॉस्पिटल गाठा. वळ दिसत नसला तरीही. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली असेल तर काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो. डॉक्टरांना ‘जिन्यावरून पडले’ सांगू नये. केसपेपरवरची खरी नोंद पुढे कोर्टात कामी येते.

आधार, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, चालू औषधं आणि स्त्रीधनाची यादी तुमच्यापैकी एकीकडे ठेवा. जखमांचे फोटोही तिच्या फोनमध्ये नकोत, नवऱ्याला माहीत असलेल्या गुगल खात्यावर ते आपोआप चढतात.

जीव धोक्यात असेल तर 112. एरवी 181 अभयम, ही गुजरातची महिला हेल्पलाइन, चोवीस तास. गरज पडली तर समुपदेशक आणि महिला पोलीस गाडी घेऊन येतात. वकील मोफत मिळतो, स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, त्यासाठी 15100. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात अर्ज 60 दिवसांत निकाली काढावा असं आहे, प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून त्याच अर्जात कलम 23 खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा आदेश मागा. घर तिच्या नावावर नसलं तरी तिथे राहण्याचा हक्क तिला आहे. कागद गुजरातीत असतात. आपल्यातल्या बऱ्याच जणींना गुजराती फर्डं बोलता येतं, पण वाचताना अडतं. तेव्हा सहीआधी गुजराती येणाऱ्या कुणाकडून तरी कागद पूर्ण वाचून घ्या, समझोत्याचा असेल तर दोनदा.

‘सुटली एकदाची, आता बरी होईल’ हा समज चुकीचा. जीव टांगणीला असेपर्यंत मन तग धरतं, कोसळतं ते सुरक्षित झाल्यावर. दचकणं, मध्येच सुन्न होणं, त्याच नवऱ्याची आठवण येऊन रडू फुटणं, हे सगळं होतं. टोमणा मारू नका. महिना उलटूनही ओसरलं नाही तर कारेलीबागचं मानसिक आरोग्य रुग्णालय किंवा सयाजीतला मानसोपचार विभाग. फोनवर 14416 टेली-मानस, ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, मराठीतूनही बोलता येतं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. ‘फरक नाही’ म्हणून आठव्या दिवशी बंद केल्या की सगळं मुसळ केरात. ‘जगून काय करू’ म्हणाली तर आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. येत असेल तर तिला एकटं सोडू नका, गोळ्या आणि फिनाईल दूर ठेवा, त्याच दिवशी दवाखाना.

पहिल्या आठवड्यात डबे येतात, चौथ्यात कुणी फिरकत नाही. वार आधीच वाटून घ्या: मंगळवारी एकीचा फोन, शनिवारी दुसरीची चक्कर, कोर्टाच्या तारखेला एक जण सोबत. ज्या दिवशी तिला बोलायचं नसेल, त्या दिवशी नुसती भाजी निवडून या.