जीआयएस शिकताना या चुका टाळा: आधी आकडे वाचा, मग बटण दाबा

कोल्हापुरात जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करून त्यांचा अभ्यास करायचं तंत्र, शिकायला घेतलं की पोरं पहिल्याच आठवड्यात पंचगंगेचा पूरनकाशा करायला बसतात. विषय जिव्हाळ्याचा आहे, उत्साहही खरा आहे. पण मी पुन्हापुन्हा निस्तरत असलेल्या चुका बहुतेक याच घाईतल्या.

सगळ्यात जास्त डोकं खाते ती सीआरएसची, म्हणजे नकाशातल्या जागा कुठल्या पद्धतीनं आणि एककात मोजायच्या त्याची, चूक. एका विद्यार्थ्याला नदीच्या काठाने ५०० मीटरचा बफर, म्हणजे तेवढ्या अंतरापर्यंतचा पट्टा, हवा होता. लेयर, म्हणजे नदीच्या नकाशाचा थर, ईपीएसजी ४३२६ या अक्षांश-रेखांशाच्या सीआरएसमध्ये, म्हणजे एकक अंश. त्यानं ५०० टाकले, क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरनं ५०० अंश धरले. पृथ्वीचा अख्खा फेराच ३६० अंशांचा! मग कुठल्याशा व्हिडिओत ऐकलेलं आठवून त्यानं 'सेट लेयर सीआरएस'मध्ये ३२६४३, म्हणजे मीटरमध्ये मोजणारा आपला यूटीएम झोन ४३ उत्तर, निवडला. प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री फोन आला.

"सर, नदीच दिसंना झालीय."

"झूम टू लेयर कर की."

नदी सापडली मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तावर भर समुद्रात. लांबी हातभर. कारण ७४ आणि १६ हे आपल्या रेखांश-अक्षांशाच्या अंशांचे आकडे त्यानं मीटर म्हणून वाचायला लावले होते. 'सेट' फक्त लेबल बदलतं, आकडे तेच राहतात. आकडे खरोखर बदलायचे तर 'रीप्रोजेक्ट लेयर' करून नवी फाईल घ्यायची.

मी कुठलीही लेयर आली की प्रॉपर्टीजमध्ये एक्स्टेंट, म्हणजे लेयरच्या चारी कडांचे आकडे, वाचतो. ७४ आणि १६ दिसले तर अंश. शहराजवळ ४ लाख १९ हजार आणि १८ लाख ४६ हजार असं काही दिसलं तर यूटीएमचे मीटर. हे न बघता कुठलंही टूल चालवू नका, मग शिकवणारा कितीही भरभर क्लिक करत असो.

सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाईल, आणताना एक्समध्ये रेखांश, वायमध्ये अक्षांश. उलट केलंत तर कोल्हापूर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं.

शेपफाईल हा नकाशाचा डेटा ठेवायचा प्रकार एकाच फाईलचा नसतो. नुसती .shp फाईल पाठवू नका; .shx, .dbf, .prj सोबत हवेतच. शेपफाईलमध्ये कॉलमचं नाव १० बाइटांपुढे जात नाही, त्यामुळे 'तालुका'सुद्धा तुटतो. मी मराठी डेटा जिओपॅकेज या दुसऱ्या फाईल-प्रकारातच ठेवतो.

आता पूरनकाशा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट, ती तिथल्या मोजपट्टीवरची. एसआरटीएम डीईएम, म्हणजे अवकाशातून मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा नकाशा, त्यातली उंची समुद्रसपाटीपासूनची, मीटरमध्ये. ४३ फुटांचे १३ मीटर करून त्याखालचं सगळं निळं रंगवायला गेलात तर जिल्ह्यात एकही घर बुडणार नाही. मोजपट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे ते आधी मिळवा. त्यानंतरही डीईएमच्या ३० मीटरच्या एका चौकोनात गल्लीतली चार घरं येतात आणि उंचीत काही मीटरांची चूक असू शकते. असा नकाशा सरावासाठी करा, जरूर करा. पण 'तुमची गल्ली सुरक्षित' असं लिहून तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. २०१९ चा पूर पाहिलेली माणसं तो बघून सामान हलवायचं की नाही ते ठरवतील.