घरचा स्वीट कॉर्न: कणीस कधी तोडायचं आणि किती शिजवायचं

कणसाला केस सुटलेले दिसले, की ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. बियाण्याच्या पुडीवर पेरणीपासून ७५ ते ८५ दिवस लिहिलेले असतात, पण हवामानानुसार हा अंदाज सहज आठवडाभर मागेपुढे होतो. केसांपासून मोजलेले दिवस जास्त भरवशाचे: उबदार हवेत १८ ते २२, थंडीत त्याहून चार-पाच जास्त. सोळाव्या दिवसापासून रोज सकाळी एक फेरी माराच. कणीस ऐन चवीत तीन-चार दिवसच राहतं, कडक उन्हात त्याहूनही कमी.

आधी केस बघा. ते टोकाकडे तपकिरी होऊन वाळलेले, पण कणसाच्या तोंडाशी अजून ओलसर हवेत. वरची पानं मात्र हिरवीगार असावीत. मग न सोलता कणसाचं टोक चिमटीत धरा. निमुळतं लागलं तर वरचे दाणे भरायचे आहेत. बोथट आणि भरीव लागलं तर वेळ आली.

तरी खात्री वाटत नसेल, तर एकाच कणसाची पानं दोन इंच बाजूला करा आणि दाण्यात नख खुपसा. पाण्यासारखा रस आला तर तीन-चार दिवस थांबा. दुधासारखा चीक आला तर आजच तोडा. घट्ट, पिठूळ लागला तर दाणा हुरड्याच्याही पुढे गेला. तो उकडून खाण्यात मजा नाही, किसासाठी ठेवा. अतिगोड संकरित जातींचा चीक तयार दाण्यातही जरा पातळच असतो, तिथे दाण्याचा भरलेला आकार आणि चढलेला रंग बघा. रोज सगळी कणसं सोलून बघू नका. उघड्या टोकातून अळ्या शिरतात आणि पक्षी चोची मारतात.

तोडणी सकाळी, ऊन चढायच्या आत. एका हाताने ताट धरा, दुसऱ्याने कणीस खाली ओढून पिरगळा. वरचं कणीस आधी तयार होतं, खालचं काही दिवसांनी.

तोडल्या क्षणापासून दाण्यातली साखर पिठात बदलू लागते. जुन्या साध्या गोड जातींची जवळजवळ निम्मी गोडी ३० अंशांच्या हवेत एका दिवसात उतरते. अतिगोड जातींत हे फार हळू होतं, म्हणून त्या फ्रीजमध्ये पानांसकट चार-पाच दिवस चांगल्या राहतात. जात कोणतीही असो, आधी पाणी उकळत ठेवा आणि मग कणीस तोडायला जा.

वेळेवर तोडूनही दाणे विरळ निघाले तर दोष परागीभवनाचा. प्रत्येक केसामागे एक दाणा असतो. पराग न मिळालेल्या केसाची जागा रिकामी राहते. म्हणून पुढच्या वेळी एकच लांब ओळ न लावता तीन-चार ओळींचा चौकोन करा आणि तुरे आल्यावर सकाळी झाडं हलकेच हलवा. दाणे भरले पण गोडच नाहीत, असं झालं तर आसपास साधा मका त्याच वेळी तुऱ्यावर होता का ते आठवा. त्याचा पराग पडला की स्वीट कॉर्नचा दाणा त्याच कणसात पिठूळ होतो.

उकडण्यासाठी कणसं बुडतील इतकं पाणी खळखळ उकळू द्या, सोललेली कणसं सोडा, झाकण ठेवा. तीन ते पाच मिनिटं पुरतात. मीठ आणि लिंबू खाताना लावा. कुकर देशी मक्यासाठी ठीक; ताज्या स्वीट कॉर्नचे दाणे त्यात जास्त शिजून सुरकुततात.

भाजायचं असेल तर आतली दोन-तीन पानं राहू द्या, केस काढा आणि कणीस १५ मिनिटं पाण्यात भिजवा. मग मंद निखाऱ्यावर फिरवत १२ ते १५ मिनिटं भाजा. देशी भुट्ट्यासारखं थेट विस्तवावर ठेवलं तर साखरेमुळे दाणे शिजण्याआधीच काळे पडतात.

किसासाठी चार कणसं किसून घ्या. दोन चमचे तुपात जिरं, हिंग, हिरवी मिरची, हळद घालून कीस आठ-दहा मिनिटं मंद आचेवर परता. देशी मक्याला भरपूर दूध लागतं. स्वीट कॉर्न स्वतःच पाणी सोडतो, त्याला पाव वाटी पुरतं, नाहीतर कीस पातळ होतो. दूध आटलं की मीठ घाला आणि गॅस बंद करून वर लिंबू, ओलं खोबरं, कोथिंबीर.