मनपाच्या शाळेत गुणवत्ता वाढवायचीय? आधी पोरांच्या चुका वाचा

संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे पेपर तपासले, मार्क भरले की विषय संपला असं बऱ्याच शाळांत होतं आणि पुढच्या सत्रात तीच पोरं तिथंच अडकलेली दिसतात. तिसरी ते आठवीच्या वर्गशिक्षकांना माझं सांगणं एकच आहे, गठ्ठा कपाटात टाकायच्या आधी मार्क बाजूला ठेवून फक्त चुकलेली उत्तरं बघा.

५०३ वजा २७८ घ्या. उत्तर २२५. एक मुलगी ३७५ लिहिते, दुसरा मुलगा २३५ लिहितो, दोघांनाही शून्य मार्क, पण दोघांची अडचण पूर्ण वेगळी आहे. मुलगी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतेय, ३ मधून ८ जात नाहीत ना, मग ८ मधून ३, म्हणजे हातचा तिला कळलेलाच नाही, तिला आधी ४३ वजा १८ वर आणा. मुलाला हातचा येतो, फक्त शून्यावर गडबडतो. शतकाचे दहा दशक केले, त्यातला एक एककाला दिला, उरले नऊ, हे तो विसरतो. त्याच्या हातात खेळण्यातल्या पाच शंभराच्या नोटा आणि तीन रुपये द्या आणि २७८ मागा, शंभराची नोट सुट्टी करताना नऊ दहाच्या नोटा त्याला डोळ्यांनी दिसतात. मुलीला हाच खेळ आज दिला तर ती गोंधळेल. त्यामुळे सरसकट 'वजाबाकीची उजळणी' घेण्यात वेळ जातो, हाती काही लागत नाही.

वाचनाचंही तसंच. एकेकाला जवळ बसवा आणि अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट या क्रमाने वाचून घ्या, दिवसाला पाच-सहा मुलं केली तरी दोन आठवड्यांत वर्ग होतो. सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नका, अडखळणारी पोरं गप्पच होतात. मग इयत्ता विसरून पातळीनुसार गट करा, रोज एक तास, चौथीतला मुलगा तिसरीच्या मुलांबरोबर बसला तरी चालेल. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' या संस्थेने हीच पद्धत देशभर वापरलीय. महत्त्वाचं म्हणजे गट कायमचे करू नका, महिना-दीड महिन्याने परत तपासा आणि पुढे सरकलेल्याला लगेच वरच्या गटात घ्या, नाहीतर 'ढ मुलांचा गट' असा शिक्का बसतो आणि तो पुसत नाही. शहरात वर्षाच्या मध्येच बांधकामावरच्या कुटुंबांची मुलं येतात, घरात हिंदी नाहीतर कन्नड, त्यांची तपासणी पहिल्याच आठवड्यात करा, आणि मुलाला गणित येतं पण मराठीतला प्रश्न कळत नाही असं तर नाही ना, हे नक्की बघा.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के पालक असतात पण मीटिंग दुपारी ठेवली तर रोजंदारीवरचा माणूस येणार कसा, संध्याकाळी ठेवा. तिथं टक्केवारी वाचून दाखवू नका, पोराची वही उघडून दाखवा, आईला बरोबर कळतं.

आठवीला एनएमएमएसकडे, म्हणजे केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेकडे लक्ष द्या, आपल्या मुलांसाठीच आहे ती. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीला ५५ टक्के हवेत, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पेपर दोन, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी ९० प्रश्न. शालेय पेपर सातवी-आठवीच्या पुस्तकांवरच असतो, त्यामुळे तयारी सातवीपासून धरा आणि इथंही सराव पेपरच्या चुकांची वेगळी वही ठेवायला लावा. उत्पन्नाचा दाखला आणि आधार लिंक असलेलं बँक खातं फॉर्म भरायच्या आधीच तयार ठेवा, आणि नववीत मूल दुसऱ्या शाळेत गेलं तरी नूतनीकरणाचा अर्ज भरला का ते फोन करून विचारा, दरवर्षी भरावा लागतो तो.