चाळीसगावहून पितळखोऱ्याला जाताना

पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांसाठी आधी उतरायचे आणि मग चढायचे, हे निघण्यापूर्वीच डोक्यात पक्के करा. सकाळी पायऱ्या भराभर उतरून होतात आणि चढ नेमका उन्हात वाट्याला येतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, पहाटेच चाळीसगाव सोडा. कन्नडचा घाट चढून गेलात की कालीमठाच्या रस्त्याला लागा. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आहेत. खाली पाटणादेवीच्या जंगलातूनही वाट वर येते, पण माहीतगार गावकरी सोबत नसेल तर तिकडे जाऊ नका.

दिवाळी ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाळ्यात धबधबा देखणा असतो, पण दगड शेवाळतात. माणशी दोन लिटर पाणी, टॉर्च आणि चांगली पकड असलेले बूट घ्या. शिदोरीला कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा पुरे. कड्याला आग्या मोहोळ असू शकते, तेव्हा धूर आणि आरडाओरडा अजिबात नको.

खाली आधी तिसरे लेणे, चैत्यगृह, म्हणजे स्तूपाचे प्रार्थनागृह. कोरीव काम इसवी सनापूर्वीचे, खांबांवरची चित्रे मात्र काही शतकांनंतरची. पैठणच्या मितदेव नावाच्या गंध्याने, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने, दिलेल्या दानाचा लेख इथल्या खांबावर आहे. रंगाला बोट लावू नका. एवढी वर्षे टिकलेला तो रंग आपल्या हाताच्या घामाने जाऊ नये.

मग चौथे लेणे, भिक्खूंचा विहार. इथे घाई केलीत तर आलात कशाला? जोत्यावर हत्तींची रांग आहे, दाराशी द्वारपाल आहेत. जिन्याजवळचा पाच फण्यांचा नाग नीट बघा. तो मागून पोकळ आहे, डोंगरातले पाणी त्याच्या फण्यांतून बाहेर पडावे म्हणून. कातळात झिरपणाऱ्या पाण्याने इथे पुष्कळ पडझड केली आहे. त्याच पाण्याला त्या कारागिरांनी अशी वाट काढून दिली, याचे मला फार अप्रूप वाटते. इथला यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचे नाव कोरले आहे, कण्हदास सोनार.

ओढ्यापलीकडे स्तूपांची लहान लेणी आहेत. पाणी वाढलेले असेल तर ती अलीकडूनच पाहा. अकराच्या आत चढायला लागा आणि शिदोरी वर पोचल्यावरच सोडा; भरल्या पोटी त्या पायऱ्या चढवत नाहीत.